२१४ दिवस चालू, तरी ट्रक गेटवर उभा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे सर्व्हर मी सांभाळतो. दिवाळीनंतर मालकांनी विचारलं, "आपली सिस्टीम किती टक्के चालू असते, नेमका आकडा द्या." मी 'अपटाइम' कमांड मारली. २१४ दिवस. मोठ्या अभिमानाने दाखवायला गेलो, तर डिस्पॅचच्या ताई म्हणाल्या, "अहो दादा, मग मंगळवारी ट्रक दीड तास गेटवर का उभा होता?"

ताईंचं खरं होतं. मशीन बूट होऊन किती वेळ झाला, एवढंच ती कमांड सांगते. ट्रकसोबत जाणारं मालाचं चलन निघतं की नाही, हे तिला कुठून कळणार?

मग मोजायची जागाच बदलली. गोडाऊनमधल्या जुन्या पीसीवर स्क्रिप्ट लावली. दर मिनिटाला लॉगिन करून एक चलन उघडायचं. दहा सेकंदांत उघडलं नाही, तर ते मिनिट बंद धरायचं. नुसत्या पिंगने, म्हणजे मशीनला 'आहेस का?' असं नेटवर्कवरून विचारून, भागत नाही; डेटाबेस अडकला तरी पिंगला उत्तर येतच राहतं.

३० दिवसांची मिनिटं ४३,२००. त्यातली ३११ बंद, म्हणजे ९९.२८ टक्के. ऐकायला छान वाटतं, पण ९९.९ गाठायचे तर महिन्याला जेमतेम ४३ मिनिटांची मुभा असते.

३११ पैकी २४० मिनिटं एकट्या नेटवर्क स्विचची, म्हणजे मशीन एकमेकांना जोडणाऱ्या पेटीची, निघाली. मागांच्या शेडमधला तो स्विच उघडला, तर पंख्यावर कापसाची लव घोंगडीसारखी बसलेली. पातं बोटानेही हलेना. तापला की बंद, गार झाला की चालू. मी तर दुसऱ्या सर्व्हरचं कोटेशन मागवून बसलो होतो, आणि तोही याच स्विचमागे बसणार होता! ९९ टक्क्यांच्या दोन वस्तू एकापाठोपाठ जोडल्या की ९८.०१ उरतात. एकीला दुसरी पर्याय असेल तर ९९.९९, तेही दोघींचं दुखणं वेगळं असेल तरच.

बिनपंख्याचा स्विच बंद पेटीत बसवला, मगच दुसरा सर्व्हर घेतला. गड्ड्याच्या यात्रेच्या सुट्टीत पहिल्याची वायर उपटून पाहिली. आयपी, म्हणजे सर्व्हरचा नेटवर्कवरचा पत्ता, पाच सेकंदांत दुसऱ्याकडे गेला, चलन मात्र सहा मिनिटांनी उघडलं. ॲप्लिकेशन जुनंच कनेक्शन धरून बसलं होतं. उत्तराची वाट किती वेळ पाहायची तो टाइमआउट कमी केला, पुन्हा वायर उपटली. तिसऱ्या खेपेला वीस सेकंद.

फेब्रुवारीत ४०,३२० पैकी १९ मिनिटं बंद होती. तो कागद मालकांच्या आधी ताईंना दाखवला. १९ पैकी ११ मिनिटं कोणत्या दिवशी गेली, ते त्यांनी न बघता सांगितलं.