आधी नुसतं बघा

मी गेली बरीच वर्षं सिनेमा-सिरियलच्या आर्ट डिपार्टमेंटमध्ये आहे, सध्या असिस्टंट आर्ट डायरेक्टर, आणि शाळेच्या स्मरणिकेसाठी लिही म्हटल्यावर दोनच माणसं डोळ्यासमोर आली, आपले चित्रकलेचे सर आणि आर्ट डायरेक्टर नितीन चंद्रकांत देसाई.

सर एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या, म्हणजे चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांच्या, मुलांना वस्तुचित्राला बसवायचे तेव्हा पेन्सिल हातात घेऊच द्यायचे नाहीत. आधी तांब्याकडे नुसतं बघा, पोचा कुठे आलाय, कुठल्या बाजूने जास्त घासला गेलाय. आज माझं अर्धं काम तेच आहे. प्लायचा कोरा दरवाजा ४० वर्षं वापरलेला दिसायला हवा तर तेलकट काळपटपणा कडीजवळ पाहिजे, खालचा रंग फरशी पुसायच्या पाण्याने उडालेला पाहिजे, सगळीकडे सारखाच मळवला की कॅमेऱ्यात लगेच खोटा दिसतो, मग पेंटरदादा कितीही भारी असू दे.

देसाई मूळचे दापोलीचे. १९८७ मध्ये ‘तमस’ या सिरियलवर नितीश रॉय यांच्या हाताखाली असिस्टंट म्हणून लागले आणि पुढे चार राष्ट्रीय पुरस्कार, ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, ‘हम दिल दे चुके सनम’, ‘लगान’ आणि ‘देवदास’. लोक ‘देवदास’मधल्या रंगीत काचा आणि चंद्रमुखीच्या कोठ्याभोवतीचं पाणी यावरच बोलतात, बोलायलाच हवं, असं काही उभं करणं खायचं काम नाही. पण मला विचाराल तर ‘लगान’चं चंपानेर जास्त मोठं काम. कच्छमध्ये कुनरियाजवळ अख्खं गाव उभारलं, घरं, देऊळ, सगळं, आणि पिक्चर बघताना हा सेट आहे हे मनातसुद्धा येत नाही, पिढ्यानपिढ्या माणसं तिथे राहतायत असंच वाटतं. झगमगाट दिसतो म्हणून त्याचं कौतुक होतं, हे दिसतच नाही! आणि दोन्ही एकाच माणसाने लागोपाठच्या वर्षांत पडद्यावर आणलं, २००१ आणि २००२.

आम्हा लालबाग-परळच्या मुलांना तर ते आपलेच वाटायचे कारण लालबागच्या राजाची सजावट कितीतरी वर्षं त्यांनी केली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेले, त्याच कर्जतच्या स्टुडिओत जो त्यांनी २००५ मध्ये उभा केला होता. त्या दिवशी आमच्या सेटवर सुतार, मोल्डर, सेटिंगवाले सगळेच गप्प होते, हातातलं काम पुढे सरकत नव्हतं.

शाळेत आत्ता जी मुलं ग्रेड परीक्षेला बसतायत त्यांना सेट कसा बनतो ते बघायचं असेल तर बाईंना सांगून ठेवा, शनिवारी मी ड्रॉइंग आणि एक छोटं मॉडेल घेऊन येईन.