शेवटचे काही प्रयोग

५ जुलै २०२५, शनिवार. रात्री साडेसातला आम्ही चौघं टीव्हीसमोर बैठक मारून बसलो, तेव्हा आई स्वयंपाकघरात साबुदाणा धूत होती. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी. "रात्रभर जागणार आहात ना? मग पहाटे खिचडी खाऊनच जा सगळे," ती आतूनच म्हणाली. "आणि आवाज बेताचा ठेवा. खाली बाळंतीण आहे."

ब्लॅक सॅबथसारखा हेवी मेटल बॅंड बेताच्या आवाजात ऐकायचा म्हणजे ढोलाला गोधडी गुंडाळून मिरवणूक काढायची. पण बाळंतिणीपुढे कुणाचं काय चालतं? कर्वेनगरातल्या आमच्या त्या हॉलमध्ये आम्ही सोफा टीव्हीच्या अगदी पुढ्यात ओढला, आवाज अठरावर ठेवला आणि इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावरचा कार्यक्रम बघायला लागलो. प्रक्षेपणाचे पैसे चौघांत वर्गणी काढून भरले होते. बॅंडची शेवटची मैफल. ह्या वेळेला खरंच शेवटची, असं ते म्हणत होते.

"खरंच?" आमचा बँकवाला म्हणाला. तो तीस वर्षं कर्जवसुलीत आहे, त्यामुळे 'हे शेवटचं' ह्या शब्दांवर त्याचा विश्वास उरलेला नाही.

आणि त्याचं चुकत नव्हतं. ह्या रॉकवाल्यांनी निरोपाचा जो काही धंदा मांडलाय, त्यापुढे आपल्या नाटकांच्या जाहिराती फिक्या. 'शेवटचे काही प्रयोग', मग 'लोकाग्रहास्तव आणखी पाच', मग वर्षभराने 'नव्या संचात'. सॅबथचा गायक ऑझी ऑस्बोर्न, त्याने १९९२ मध्ये एकट्याचा निरोपाचा दौरा काढला, त्याचं नावच 'नो मोअर टूर्स'. तीन वर्षांत तो परत आला. २०१८ मध्ये पुन्हा निरोप, नाव 'नो मोअर टूर्स टू'. शेवटाचाही दुसरा भाग! मॉट्ली क्रूने २०१४ मध्ये पत्रकारांना बोलावून, रीतसर करारावर सह्या केल्या की आता दौरे बंद. २०१९ मध्ये त्याच कराराला सुरुंग लावल्याची चित्रफीत काढून ते पुन्हा हजर. किस नावाच्या रंगरंगोटीवाल्या बॅंडने २०००च्या सुमारास एकदा निरोप घेतला आणि २०२३ मध्ये परत एकदा, पहिला जणू कुणाला आठवतच नव्हता.

सगळ्यांत वरताण स्कॉर्पियन्स. २०१० च्या जानेवारीत त्यांनी 'आता थांबतो' म्हणून जाहीर केलं. आम्ही तेव्हा हळहळलो होतो, एकाने तर फेसबुकवर काहीबाही लिहिलंही होतं. आणि आम्ही सोफा ओढून बसलो होतो त्याच शनिवारी ते जर्मनीत हॅनोव्हरला, आपल्या गावात, साठाव्या वर्षाचा सोहळा करत होते. थांबतो म्हणून पंधरा वर्षं झाली होती.

ह्यात मला तरी काही गैर वाटत नाही, खरं सांगायचं तर. आमच्या ऑफिसात एका साहेबांचा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, चांदीचा गणपती, डोळ्यांत पाणी. पुढच्या सोमवारी साडेदहाला साहेब परत आपल्या टेबलाशी उभे. "सहज आलो होतो. ती फाईल निघाली का?" सहा महिने येत होते. त्यांच्याकडे गिटार असती तर तिकीट लावलं असतं, इतकाच फरक.

तर ही सगळी टिंगल करत आम्ही रात्र काढली. मेटॅलिका आली, गन्स एन रोझेस आले, स्लेयर, टूल, पॅंटेरा. ज्यांच्या कॅसेटी आम्ही कधीकाळी जिवापाड जपल्या ते सगळे आज सॅबथच्या ह्या चौघा म्हाताऱ्यांपुढे हजेरी लावायला आले होते, आणि बहुतेक जण एखादं तरी गाणं त्यांचंच वाजवत होते. सवाईत मोठमोठे कलाकार गुरूंची बंदिश मांडतात तसं.

माझी सॅबथशी ओळख झाली ती जुन्या बाजारात. १९९१ साली, रविवारी. बिजागऱ्या, पान्हे आणि बिनझाकणाचे प्रेशर कुकर ह्यांच्या मधोमध एका माणसाने ताडपत्रीवर कॅसेटी मांडल्या होत्या. त्यात एक भरलेली नव्वदची कॅसेट, वर बॉलपेनने मोडक्या इंग्रजीत बॅंडचं नाव. दहा रुपयांना घेतली. घरी येऊन लावली तर आधी नुसता पाऊस. मग ढगांचा गडगडाट, लांबून घंटा.

बाबा पेपर वाचत होते. "कसली आरती आहे रे?"

तेवढ्यात गिटार आली. तीन स्वर, ऐसपैस, जड, जणू कुणी कपाट ओढतंय. बाबांनी पेपर खाली ठेवला. त्यांचा जन्म गेला भजनी मंडळात पेटी वाजवण्यात. ते उठले, कोपऱ्यातली पेटी काढली, भाता हलवला आणि शोधायला लागले. "खालचा सा… वरचा सा… आणि हा मधला… अरे, हा तर तीव्र मध्यम!" मग कपाळाला आठी. "पण तुझी ही कॅसेट चढी वाजतेय. धड पांढरी पाच नाही, धड काळी चार नाही. मशीन दाखवून आण."

पुढे मी वाचलं की युरोपात म्हणे ह्या दोन स्वरांमधल्या अंतराला सैतानाचा सूर म्हणत आणि म्हणूनच त्या गाण्याने लोकांच्या अंगावर काटा आला. हे मी बाबांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "समोरच्या घरातली मुलगी रोज संध्याकाळी यमन घोटते. सा आणि तीव्र म, तीव्र म आणि सा. सैतान यायचा असता तर एव्हाना कधीच आला असता." आणि चहा मागितला.

त्यांना त्या संगीतात फार गोडी वाटली असं नाही. पण सॅबथच्या टोनी आयोमीची गोष्ट त्यांना भारी आवडली होती. हा गिटारवाला सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरी सोडली, त्या दिवशी जेवायला घरी आला आणि दुपारी परत जायचा कंटाळा करायला लागला. आई म्हणाली, शेवटचा दिवस आहे, नीट पुरा करून ये. गेला, आणि यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुरा असल्यामुळे त्याची तारा दाबायची बोटं तीच. मग त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर चामड्याचे तुकडे लावले, हलक्या तारा चढवल्या, पुढे त्या सैल करून खालच्या सुरात लावल्या. तो जो जडशीळ, खर्जातला आवाज ज्याला जग हेवी मेटल म्हणतं, त्याच्या मुळाशी ही दोन तुटकी बोटं आहेत. बाबा ही गोष्ट भजनी मंडळात सांगायचे. बॅंडचं नाव मात्र सांगायचे नाहीत. "इंग्लंडातला एक वादक आहे," एवढंच.

पहाटे साडेतीनच्या सुमारास ऑझी आला. चालत नव्हे. रंगमंचाच्या खालून एक काळं सिंहासन वर आलं, त्यात तो बसलेला. आमच्यातला डॉक्टर तोवर पेंगत होता, तो ताठ झाला. बँकवाल्याने हातातला चिवडा तसाच ठेवला. कुणीच काही बोललं नाही. गाणारा माणूस सारखा उठायला बघत होता आणि शरीर त्याला खाली बसवत होतं. डोळे मात्र तेच, चक्रम. सहा वर्षं अंथरुणाला खिळलो होतो, असं काहीसं तो गर्दीला सांगत होता. आम्हाला त्याचा आजार माहीत होता. २०२० सालीच त्याने जाहीर केला होता. माहीत असणं वेगळं.

एकट्याची पाच गाणी झाली. मग थोड्या वेळाने चौघं मिळून: ऑझी, आयोमी, गीझर बटलर आणि ड्रमवर बिल वॉर्ड. हे मूळचे चौघं २००५ नंतर एकदाही एकत्र वाजवले नव्हते. २०१७ मध्ये सॅबथने ह्याच बर्मिंगहॅममध्ये 'द एंड' नावाचा दौरा संपवला तेव्हा वॉर्ड नव्हता, आणि आमच्या मते म्हणूनच तो शेवट खरा धरायचा नव्हता. आमचा चौथा मित्र गणपतीत ताशा वाजवतो, वीस वर्षं झाली. त्याचं सगळं लक्ष वॉर्डकडे. "हात जड पडतोय," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "पण सोडत नाहीये."

मागे पावलं वाजली. आई आंघोळ करून, ओले केस पंच्यात बांधून हॉलच्या दारात उभी होती.

"कोण रे हे?"

"काकू, हे आमचे दैवत," ताशावाला म्हणाला.

"काय वय?"

मी सांगितलं. शहात्तर, सत्त्याहत्तर, सत्त्याहत्तर, पंचाहत्तर.

"म्हणजे माझ्याहून लहान आहेत सगळे," अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई म्हणाली, आणि दोन पावलं पुढे आली. चष्मा नव्हता, म्हणून डोळे बारीक करून बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "ह्यांच्यासारखं झालंय त्यांना."

कंपवात. बाबांना झाला तो आधी कुणाच्या लक्षातच आला नाही. पहिल्यांदा कळलं ते चेकवरून. बाबांची सही बारीक होत होत मुंगीएवढी झाली होती आणि बँकेने सही जुळत नाही म्हणून चेक परत केला. ही भानगड निस्तरायला हाच बँकवाला आला होता, फॉर्मवर फॉर्म घेऊन. मग बटणं लावायला वेळ लागू लागला, चेहऱ्यावरचं हसू आत कुठेतरी अडकायला लागलं. भाता मारायचा हात आणि पट्ट्यांवरचा हात, दोन्ही एकमेकांशी बोलेनासे झाले. गुरुवारच्या भजनाला ते जायचे, पण पेटीशी दुसरं कुणी बसायचं आणि बाबा टाळ घेऊन कडेला.

मी कितीदा आठवून बघितलंय, बाबांनी पेटी शेवटची कधी वाजवली? आईला विचारलं. ती म्हणाली, दिवाळीत असेल. मंडळातले काका म्हणाले, छे, त्याच्या आधीच, हनुमान जयंतीला. बाबांना विचारायचं त्यांच्या हयातीत सुचलं नाही. कुठल्यातरी एका गुरुवारी त्यांनी पेटीचा भाता बंद करून खिट्टी लावली असेल, वर ते निळं कापड टाकलं असेल, आणि चहाला गेले असतील. ना शाल, ना श्रीफळ, ना लोकाग्रहास्तव.

टीव्हीत शेवटचं गाणं सुरू होतं. आई तशीच उभी. "बसूनच गाऊ दे त्यांना," ती म्हणाली, "कुणी उठवू नका." जणू आमच्या हातात होतं. मग आकाशात फटाके उडाले आणि ती खिचडी टाकायला गेली. दाण्याचं कूट, जिरं, मिरची. सहा वाजता आम्ही चौघं ताटल्या घेऊन बाल्कनीत उभं राहून खात होतो. बाहेर भुरभुर पाऊस. बँकवाल्याला टिंगल करायची राहिली होती, ती त्याने केली नाही. "काकू, अजून थोडी आहे का?" एवढंच विचारलं.

एक गोष्ट मात्र खटकली आणि ती मी अजून कुणाशी बोललेलो नाही. चौघं मिळून चारच गाणी वाजवली, आणि त्यात ते पावसाचं, घंटेचं, तीव्र मध्यमाचं गाणं नव्हतं.

बरोबर सतरा दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी गेला. बातमी आली तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र होत आली होती. सकाळी उठलो तर फोनवर ताशावाल्याचा निरोप, नुसतं 'गेला'. खाली बाकी दोघांनी काहीच लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिव्यांची अवस. आई जमिनीवर वर्तमानपत्र पसरून समया, निरांजनं, लामणदिवा चिंचेने घासत बसली होती. मी तिला सांगितलं.

"गेले का ते? बसून गाणारे?" ती थांबली. "बरं झालं, गाऊन घेतलं." आणि निरांजन घासायला लागली.

मी कोपऱ्यातली पेटी ओढली. कापडावर बोटभर धूळ. खिट्टी गंजली होती, ती चमच्याच्या टोकाने काढली. मला पेटी येत नाही, पण तीन स्वर कुणालाही येतात. खालची पांढरी पाच. वरची पांढरी पाच. मधली काळी एक. कॅसेटपेक्षा किंचित उतरे, म्हणजे बाबांच्या हिशेबाने बरोबर.

पुन्हा वाजवायला गेलो तर वरची पांढरी पाच दबली ती दबलीच. बोट उचललं, भाता सोडला, तरी ती आपली वाजतेय. पोटात भरलेली हवा संपेपर्यंत, बारीक होत होत.

"ती अडकते," आई न बघताच म्हणाली. "दुरुस्तीला टाकायची म्हणून हे कधीचे म्हणत होते." मग उठून आली, आणि चिंचेने काळ्या झालेल्या नखाने तिने ती पट्टी अलगद वर उचलली.