फोन गादीवर टाकला तेव्हा

रविवारी मी माझा फोन सात-आठ वेळा गादीवर टाकला. आई म्हणाली, "नवा हवाय तर सरळ सांग."

सेन्सरचे आकडे नोंदवणारं ॲप चालू होतं. फोन टेबलावर निपचित पडलेला, तरी त्वरण ९.८. हातातून सुटल्यापासून गादीला टेकेपर्यंत मात्र जवळपास शून्य. खोलीच्या हिशेबाने नेमकं उलटं: टेबलावर शून्य, पडताना ९.८. सेन्सर सांगतो ते प्रॉपर ॲक्सलरेशन, वस्तूला स्वतःला जाणवणारं. आपण पट्टी-घड्याळ लावून काढतो ते कोऑर्डिनेट.

हा फरक मला एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत नडला होता. यान प्रकाशवेगाजवळ पोचलं की आतल्या माणसाला काय जाणवेल? मी ठोकून दिलं, "जोर कमी होत जाईल, सर." सरांनी पेनाला टोपण लावलं.

समजा, इंजिन असं चालतंय की आतला सेन्सर कायम ९.८ दाखवतो. यानाच्या घड्याळाने दोन वर्षांनी वेग होतो प्रकाशाच्या ९७ टक्के, गॅमा (वेगामुळे वेळ किती पट ताणला जातो आणि लांबी किती पट आखडते, तो आकडा) जवळपास ४. पृथ्वीवरून मोजलेलं त्वरण म्हणजे ९.८ भागिले ४ चा घन, ६४. उरतं ०.१५. आत काहीच बदललेलं नाही, सेन्सर ९.८ वरच.

घन का, हे मला पाठ होतं, कळलं नव्हतं. आता असं बघतो: यानातून एक चेंडू अलगद बाहेर सोडला. इंजिन चालू असल्याने यान पुढे सरकतं, चेंडू मागे पडतो. सुटण्याच्या क्षणी चेंडूचा वेग यानाइतकाच, म्हणून त्याच्याबरोबर तरंगणाऱ्याला पहिल्या काही क्षणांत हे अंतर ९.८ च्या हिशेबाने वाढताना दिसतं. पृथ्वीवरून तेच अंतर आखडलेलं दिसतं, एक गॅमा गेला. आणि त्याला लागलेला वेळ ताणलेला. त्वरणात वेळेचा वर्ग येतो, म्हणून आणखी दोन गॅमा. झाले तीन. (हे सरळ रेषेत जाणाऱ्या यानाचं. वेगाच्या काटकोनात त्वरण असेल तर वर्गावर भागतं. तो वेगळा घोळ.)

आईला हे सगळं उत्साहाने सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे एवढ्या वेगात जाऊनही काट्यावर माझे ६२ किलो ६२च?"

"हो."

"मग काय उपयोग," म्हणाली आणि गादीवरची चादर नीट करायला लागली.