यंत्रमागाच्या व्हिडिओसाठी शांततेचा ट्रॅक

अक्कलकोट रोड एमआयडीसीत मामांचा यंत्रमागाचा कारखाना आहे. तिथे सुतापासून चादरीपर्यंतचं काम दाखवणारा एक छोटा व्हिडिओ आम्ही केला. निवेदन मराठीत आणि तेलुगूत. सोलापूरच्या पूर्वभागात तेलुगू बोलणारी विणकर घरं भरपूर आहेत, त्यांचंच काम त्यांना त्यांच्या भाषेत ऐकता आलं पाहिजे, यावर मामा ठाम होते. शूटिंग मोबाईलवर झालं आणि जोडणी मी एफएफएमपेगवर, म्हणजे टाइप केलेल्या कमांडवर चालणाऱ्या व्हिडिओ-ऑडिओच्या प्रोग्रॅमवर, केली. जुन्या लॅपटॉपवर एडिटिंगचं जड सॉफ्टवेअर चालत नाही, कमांड मात्र बिनतक्रार चालते.

अडचण आली टाइमलॅप्सच्या क्लिपांमुळे. मागावर चादर हळूहळू उतरताना, जकार्डची नक्षी भरत जाताना घेतलेल्या या क्लिपा दिसायला सुंदर होत्या, पण त्यांत ऑडिओ ट्रॅकच नव्हता. बाकीच्या क्लिपांत माग खडखडत होते. सगळ्या एका यादीत लावून जोडल्या, तर एका प्लेअरवर सगळं जागच्या जागी आणि दुसऱ्यावर पुढच्या क्लिपचा आवाज आधीच्या चित्रावर. कारण असं, की आवाज शून्य असणं वेगळं आणि ट्रॅकच नसणं वेगळं. जोडणाऱ्या प्रोग्रॅमला प्रत्येक तुकड्यात सारखेच ट्रॅक लागतात. मधल्या एखाद्या क्लिपला ट्रॅक नसेल तर आवाजात खिंडार पडतं आणि ते कसं बुजवायचं हे ज्याचा त्याचा प्लेअर ठरवतो. पहिल्याच क्लिपला ट्रॅक नसला, तर सगळा व्हिडिओच मुका होऊ शकतो.

म्हणून टाइमलॅप्सना शांततेचा ट्रॅक लावायचा ठरवला. एफएफएमपेगमध्ये 'ए-नल-एसआरसी' नावाचा स्रोत आहे. तो कुठल्याही फाइलशिवाय निव्वळ शून्याचे नमुने पुरवत राहतो. कमांडमध्ये पहिला इनपुट टाइमलॅप्सचा. दुसऱ्या इनपुटला फॉरमॅट 'लॅव्हफाय' (फाइलऐवजी फिल्टरमधून इनपुट घेण्याची सोय) सांगून हा स्रोत. व्हिडिओ जसाच्या तसा कॉपी, ऑडिओ एएसी या दाबून साठवण्याच्या प्रकारात. चित्र पुन्हा एन्कोड होत नसल्यामुळे काम झटक्यात होतं आणि दर्जाही तसाच राहतो.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. काहीच सांगितलं नाही तर हा स्रोत 44,100 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढे नमुने, आणि स्टीरिओ धरतो. आमच्या मोबाईलच्या क्लिपा 48,000 हर्ट्झच्या होत्या. हे आकडे जुळले नाहीत आणि क्लिपा कॉपी करूनच जोडल्या, तर पुढचा आवाज जड आणि संथ होऊ शकतो. एफएफप्रोबने, म्हणजे फाइलची माहिती दाखवणाऱ्या एफएफएमपेगच्या जोडीदार प्रोग्रॅमने, मूळ क्लिपचे आकडे बघून तेच दिले. दुसरं म्हणजे ही शांतता आपणहून संपत नाही. लांबी सांगितली नाही तर कमांड चालतच राहते. त्यासाठी सगळ्यांत छोटा ट्रॅक संपला की थांबवणारा 'शॉर्टेस्ट' हा पर्याय आहे, पण व्हिडिओ कॉपी करताना त्याने आवाजाची शेपटी कधीकधी थोडी लांब उरते. म्हणून मी एफएफप्रोबने मिळालेला कालावधीच लांबी ठरवणाऱ्या 'टी' पर्यायाला दिला. एएसीचं एक पाकीट 1,024 नमुन्यांचं, म्हणजे 48,000 हर्ट्झला साधारण 21 मिलिसेकंदांचं असतं. त्यामुळे लांबी अगदी तंतोतंत जुळत नाही. पण सेकंदाला 25 फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेमच 40 मिलिसेकंदांची असते, तेव्हा एवढा फरक डोळ्याला कळत नाही.

आवाजाची पातळी मोजणारा 'व्हॉल्यूमडिटेक्ट' फिल्टर लावून खात्री केली. सरासरी आणि कमाल दोन्ही उणे 91 डेसिबल. सोळा बिटांच्या हिशोबात याच्या खाली आकडा जात नाही.

जोडणी आता बिनचूक झाली, पण ऐकताना खटकत होतं. धोटा इकडून तिकडे आपटतोय, माग दणाणतोय आणि टाइमलॅप्स सुरू होताच स्पीकर बंद पडल्यासारखं सगळं एकदम गप्प. मामा ऐकून म्हणाले, "अरे, लाईट गेली तरी कारखाना इतका गप्प नसतो." बरोबर होतं त्यांचं. जेवणाच्या सुट्टीत माग थांबले की पंख्याची घरघर असते, कोपऱ्यात कुणी कांड्या टोपलीत टाकत असतो, बाहेरून टेम्पो जातो. तीच सुट्टी गाठून मोबाईल मागाच्या चौकटीवर ठेवला आणि ती शांतता रेकॉर्ड केली. टाइमलॅप्सखाली तिचा तुकडा मंद करून घातला, दोन्ही टोकांना हळू चढता-उतरता. शून्याची शांतता सुरुवातीच्या आणि शेवटच्या नावांच्या पाट्यांखाली ठेवली. तिथे ती शोभते.

तेलुगू निवेदन मराठीपेक्षा आधी संपत होतं. तिथे 'एपॅड' फिल्टरने मागे शांतता भरली. यालाही लांबी सांगावी लागते. मग दोन्ही भाषांचे ट्रॅक, कुठला ट्रॅक घ्यायचा ते सांगणाऱ्या 'मॅप' पर्यायाने, एकाच फाइलमध्ये बसवले आणि प्रत्येकाला भाषेचं नाव दिलं. मोबाईलवरच्या प्लेअरमध्ये ट्रॅक बदलला की मराठीच्या जागी तेलुगू सुरू होतं, चित्र तसंच पुढे सरकतं. मामांनी ते आधी वहिफणीवर (ताण्याचे धागे वही आणि फणीतून ओवण्याच्या कामावर) बसणाऱ्या आजोबांना दाखवलं. त्यांनी तेलुगू ट्रॅक लावून ठेवला आणि पूर्ण व्हिडिओ दोनदा बघितला.