दंडाची पावती कामाला आली

परवा कपाट आवरताना लॉकडाऊनमधल्या झेरॉक्सचा एक गठ्ठा सापडला, आणि त्यात सगळ्यात वर कटलरीवाल्या काकूंची अतिक्रमणाच्या दंडाची पावती. हसूच आलं. म्हटलं हे एकदा लिहून ठेवूया.

काकू म्हणजे आमच्या स्टँडजवळ हातगाडीवर पिना, रबरं, टिकल्या, नेलपॉलिश विकतात त्या. मार्च २०२० ला सगळं बंद झालं तेव्हा भाजी-दूध चालू होतं, पण टिकल्यांना कोण अत्यावश्यक म्हणणार? महिनाभर वाट बघितली आणि मग त्याच गाडीवर कांदे, बटाटे, कोथिंबीर घेऊन उभ्या राहायला लागल्या. नगरपालिकेने बाजार ग्राउंडवर हलवला होता, चुन्याचे चौकोन आखून, त्यातला एक चौकोन त्यांनाही मिळाला. (ती सोय चांगली होती, उगाच नावं ठेवणार नाही.) पण भाजीचा धंदा काही जमला नाही. दुपारपर्यंत अर्धी कोथिंबीर पिवळी. "टिकली नासत नाही रे बाळा," म्हणायच्या.

मग जूनमध्ये पीएम स्वनिधी योजना आली. १०,००० रुपयांपर्यंत खेळतं भांडवल, तारण नाही, वर्षभरात फेडायचं, हप्ते वेळेवर भरले तर ७ टक्के व्याजाचं अनुदान खात्यात परत. मी पेपरात वाचलं आणि मोठ्या उत्साहाने काकूंना सांगितलं की करूया अर्ज, मोबाइलवरच तर भरायचाय. कसलं मोबाइलवरच! आधारला लिंक असलेला नंबर जावयाचा जुना, कधीच बंद पडलेला, ओटीपी जाणार कुठे? तो बदलायला एक अख्खा दिवस रांगेत गेला.

खरी गोम पुढे होती. तुम्ही फेरीवाले आहात हे कशावरून? ज्यांच्याकडे पालिकेचं ओळखपत्र किंवा प्रमाणपत्र आहे किंवा सर्वेक्षणात ज्यांचं नाव आलंय त्यांचं सोपं होतं, पण आमच्याकडे सर्वेक्षण झालं तेव्हा काकू मुलीच्या बाळंतपणाला गावी गेलेल्या. म्हणजे इतकी वर्षं रोज सकाळी त्याच खांबापाशी उभी असणारी बाई यादीत नाही. अशा लोकांसाठी नियमात सोय होती, नगरपालिकेने चौकशी करून शिफारसपत्र द्यायचं, तेही १५ दिवसांत. फक्त २४ मार्च २०२० च्या आधीपासून विक्री करताय हे दिसायला हवं.

काकूंनी गाडीच्या खालच्या कप्प्यातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत बाजार फीच्या बारक्या पावत्या, बऱ्याचशा पावसात भिजून कोऱ्या झालेल्या, तारखा उडालेल्या, आणि मधे घडी घालून नीट ठेवलेली एक पावती. २०१९ ची, अतिक्रमणवाल्यांनी गाडी उचलून नेली होती तेव्हा दंड भरून सोडवून आणली त्याची. शिक्का ठळक, तारीख स्पष्ट, सामानाचं वर्णन 'हातगाडी १ नग, कटलरी सामान'. यापेक्षा चांगला पुरावा कुठला मिळणार? साध्या कागदावर अर्ज लिहिला आणि ती पावती जोडली. खिडकीतल्या साहेबांनी ती बघितली, मग काकूंकडे बघितलं, मग परत पावतीकडे. काही बोलले नाहीत, आवक नंबर टाकून दिला. पत्र १५ दिवसांत आलं नाही, सव्वा महिना लागला, पण आलं.

मला यातली गंमत अशी वाटते की कर्ज बँकेचं, अनुदान केंद्राचं, पालिकेच्या तिजोरीतून काकूंना एक रुपया गेला नाही, तरी सगळं अडलं होतं ते पालिकेच्या त्या एका कागदापाशी. आणि तो कागद काही कोरोनामुळे जन्माला आला नव्हता. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, त्यात पाच वर्षांतून एकदा तरी सर्वेक्षण, शहरासाठी पथविक्रेता समिती, तीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवायचं नाही, हे सगळं लिहिलेलं आहे. हे वेळेवर झालं असतं तर ऐन साथीत आधीच काळजीत असलेल्या माणसांना खिडक्यांपुढे गर्दी करावी लागली नसती. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत राज्य सरकारने फेरीवाल्यांना १,५०० रुपये जाहीर केले तेव्हाही अट तीच, नोंदणीकृत. शेजारचा मोबाइल कव्हरवाला, जो आधी "मला नको कर्जबिर्ज" म्हणत होता, तो तेव्हा घरी विचारत आला की नाव कुठे घालायचं.

आणि लोक 'मदत, मदत' म्हणत होते ती शेवटी कर्जच होती, हे पण सांगायला हवं. धंदा बंद असताना कर्ज घ्यायचं आणि धंदा नीट सुरू व्हायच्या आत हप्ता सुरू. काकूंनी फेडलं, पण दोनदा हप्त्यासाठी बहिणीकडून उसने घेतले. क्यूआर कोडचं स्टिकर गाडीच्या दांडीला लावलं, कारण डिजिटल व्यवहारांवर कॅशबॅक होता, महिन्याला जास्तीत जास्त १००, आणि त्यासाठी २०० व्यवहार करायचे, प्रत्येक किमान २५ रुपयांचा. आता पाच रुपयांच्या टिकल्यांच्या पाकिटावर हे कसं व्हायचं ते योजना करणाऱ्यालाच माहीत. काकू मात्र खूश, सुट्ट्या पैशांची कटकट गेली म्हणून.

शिफारसपत्र त्यांनी लॅमिनेट करून आणलंय. अतिक्रमणची गाडी अजून येतेच. पूर्वी पोरं उतरली की काकू आधी माल गोळा करायच्या, आता आधी पत्र काढतात. त्यातला एकजण ते उलटंसुलटं करून वाचतो, परत देतो आणि म्हणतो, "मावशी, गाडी जरा मागे घ्या." काकू हातभर मागे घेतात. ते गेले की परत पुढे.