कपाळाला हात

शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५
माग्डेबुर्ग, जर्मनी

आज वसुबारस. इथे गाय ना वासरू. साडीत गुंडाळून आणलेल्या चार पणत्या आहेत, त्यातल्या एकीचा टवका उडालाय. पण त्यासाठी लिहायला बसले नाही. मंगळवारचं ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

"सांगितलं होतं ना तुला."

झालं एवढंच की मी कचरा टाकायला खाली गेले आणि मागे दार लागलं. इथल्या दारांना बाहेरून नुसती मूठ. फिरत नाही, दबत नाही. लागलं की लागलं. अंगात गाऊन, पायात घरातल्या सपाता, हातात सालींचा रिकामा डबा, आणि फोन आत ओट्यावर. अडीच तास जिन्यात होते. खालच्या मजल्यावरच्या आजींनी खुर्ची आणून दिली, मागाहून बिनदुधाचा चहा. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं. मग लेक आली, मनू. बघितलं, दार उघडलं आणि ते वाक्य म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

सांगितलं होतंच. तीनदा. तेच तर टोचतंय.

आज परत डोममध्ये गेले, म्हणजे इथल्या मोठ्या जुन्या चर्चमध्ये. दुपारभर घरात बसून करायचं काय? ट्रामने दोन स्टॉप, मग ते गुलाबी घर, ज्याचं नाव हिरवा किल्ला आहे. छपरावर गवत नि झाडं आहेत म्हणून हिरवा म्हणे. ते ओलांडलं की डोमचे दोन मनोरे. १२०९ मध्ये बांधायला घेतलं नि मनोरे पुरे झाले १५२० मध्ये. आपल्या गल्लीतल्या पुलाला उगाच नावं ठेवतो आपण.

मनूने पहिल्या रविवारी आणलं होतं तेव्हा सम्राट ओटोची कबर, काळ्या वर्णाचा संत मॉरिस, सगळं भराभर दाखवलं होतं. उत्तरेच्या दारापाशी मात्र मीच थांबले होते. त्याला स्वर्गाचं दार म्हणतात. वर कमानीत मेरीचा मृत्यू नि स्वर्गारोहण, आणि दोन्ही अंगांना पाच-पाच पोरी दगडात. साधारण १२५० च्या सुमाराच्या. घडवणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नाही. बायबलातली गोष्ट आहे: दहा जणी दिवे घेऊन नवरदेवाची वाट बघतात, त्याला उशीर होतो. पाच जणींनी जास्तीचं तेल घेतलेलं असतं, पाच जणींनी नाही. तो येतो मध्यरात्री. बिनतेलाच्या पाच जणी तेल आणायला धावतात, आणि येईपर्यंत दार बंद.

शहाण्या पाच जणी दिवे उंच धरून हसतायत. अगदी गालांना खळ्या पडतील असं हसू. दगडात इतकं मोकळं हसू मी पाहिलं नव्हतं. पण आज मी बघत होते त्या दुसऱ्या पाच जणींकडे. दिवे उलटे लोंबतायत. एकीने छातीवर हात धरलाय, एकीचं तोंड रडून वेडंवाकडं. आणि एकीने चक्क कपाळाला हात लावलाय! ज्याने कुणी ती घडवली, त्याने माझ्यासारखी एखादी बाई जिन्यात बसलेली पाहिली असणार. पावणेआठशे वर्षं झाली, अजून बाहेरच आहेत बिचाऱ्या.

शेजारी डोळ्यांवर पट्टी बांधलेली आणखी एक उभी आहे. ती म्हणजे ज्यू धर्म. तिच्याकडे बघून कसंसंच झालं. त्यावर आज नको.

मला राग आला तो शहाण्यांचा. दहाही जणी झोपल्या होत्या, हे गोष्टीतच आहे. मग शहाणपण ते काय, तर बुधलाभर तेल? आणि मागितलं तर म्हणाल्या, आम्हाला नि तुम्हाला पुरायचं नाही, दुकानात जा. मध्यरात्री! आमच्या वाड्यात वाटीभर तेल कुणी नाकारलं नसतं. शनिवार असता तर गोष्ट वेगळी.

आणि याच डोमबद्दल मनूने सांगितलेली दुसरी गोष्ट. १६३१ च्या मे महिन्यात टिली नावाच्या सेनापतीच्या फौजेने हे शहर जाळलं, वीसेक हजार माणसं गेली. काही हजार लोक डोममध्ये शिरून दारं लावून बसले होते, दिवसचे दिवस उपाशी. शेवटी दार उघडलं आणि ते जिवंत बाहेर आले. त्यांना दाराने वाचवलं. तेव्हाही या पाच जणी इथेच रडत उभ्या असतील.

तर, सांगितलं होतं ना तुला. बाकावर बसून पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. "होतं"वर जरा दाबायचं, "ना" सोडून द्यायचा. आणि एकदम हसूच आलं, कारण चाल ओळखीची निघाली. ही माझीच! कंपासपेटी विसरली तेव्हाची, पावसात दप्तर भिजलं तेव्हाची, आणि त्या इंजिनिअरिंगच्या फॉर्मच्या वेळची. तेव्हा ती दारात उभी होती नि मी आत. ओरडले नव्हते मीही. मला वाटायचं, न ओरडणं म्हणजे समजूतदारपणा.

ह्यांना यातलं काही सांगितलं नाही. बाथरूममधल्या त्या तिसऱ्या टूथब्रशबद्दलही नाही. असो.

घरी येऊन किल्ली नाडीत ओवून गळ्यात घातली, मंगळसूत्राच्या शेजारी. मनूने पाहिलं, काही बोलली नाही. मग म्हणाली, "लाल नाडी का? काळी शोभली असती."

आत्ता बाटली उचलली तर तळाला दोन बोटं तेल. उद्या शनिवार, तेल आणायचं नाही. परवा रविवार, इथे दुकानं बंद. सोमवारी पहाटे अभ्यंगस्नान. मनूला सांगायची सोय नाही, ती काय म्हणेल ते मला पाठ आहे.

साडेआठ झालेत. कोपऱ्यावरचं दुकान दहापर्यंत उघडं असतं. किल्ली गळ्यात आहे. निघते.