समितीच्या बैठकीत अडकलेले माझे नॅनोकण

प्राण्यांवर प्रयोग करायचा तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते. ती मिळवण्यात माझा अख्खा उन्हाळा गेला आणि तो राग अजून उतरलेला नाही.

आमचं फार्मसी कॉलेज यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. पीएच.डी.चा विषय: लसीतला अँटिजेन (ज्याची शरीराला ओळख करून द्यायची ते प्रथिन) पीएलजीएच्या, म्हणजे शरीरात हळूहळू विरणाऱ्या पॉलिमरच्या, नॅनोकणांत भरून डेन्ड्रायटिक पेशींपर्यंत, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेच्या पहारेकऱ्यांपर्यंत, पोचवणं. सुटं प्रथिन टोचलं तर ते लवकर पांगतं. विषाणूएवढा कण मात्र या पेशी चटकन गिळतात आणि आतला अँटिजेन टी पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात. कण बनवले, मोजले, गोठवून सुकवले. फॉर्म बी, म्हणजे मंजुरीचा अर्ज, भरला. अडलं ते बैठकीवर.

प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या सीसीएसईए समितीने (जुनं नाव सीपीसीएसईए) नेमलेला प्रतिनिधी हजर नसेल तर बैठक होत नाही. नियम योग्यच आहे. बाहेरची नजर हवीच. पण आमचे प्रतिनिधी दुसऱ्या शहरातले. तारीख ठरायची, आदल्या संध्याकाळी रद्द व्हायची. ऑफिसात विचारलं की ‘पुढच्या आठवड्यात बघू’. शेवटी मीच नियमावली काढून वाचली. मुख्य प्रतिनिधीला जमत नसेल तर त्यांनी अध्यक्षांना तसं लेखी कळवायचं, मग पर्यायी प्रतिनिधी येऊ शकतो. एवढ्या एका पत्राचं काम! ते कोणी मागितलंच नव्हतं. तुमची बैठक लांबत असेल तर सगळ्यात आधी हे पत्र मागा, आणि तोंडी नको, अर्ज देऊन पोच घ्या.

ही दिरंगाई मला एवढी का झोंबली, तेही सांगते. पीएलजीए पाण्याने हळूहळू तुटतं आणि उष्णतेने मऊ पडतं. ओलावा शिरला तर आणखी कमी तापमानाला. इकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, लाइन कधी जाईल सांगता येत नाही. साधारण २०० नॅनोमीटरच्या आतले कण आपोआप वाहत लसिका ग्रंथीपर्यंत, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींच्या अड्ड्यापर्यंत, जातात. मोठ्यांना पेशींनी उचलून न्यावं लागतं. म्हणजे कणांच्या गुठळ्या झाल्या की प्रयोगच बदलला. रोज फ्रीझरमधली एक कुपी उजेडात धरून बघायची: पांढरी, भुसभुशीत वडी शाबूत आहे ना, की काचेला चिकटून आकसली? आमचे लॅबमधले काका म्हणायचे, “मॅडम, लाइन गेली का मले फोन करजा, मी बर्फ घेऊन येतो.” आणि ते खरंच यायचे, रात्रीसुद्धा. माझे नमुने त्यांच्यामुळे वाचले.

हो, सुकवण्याआधी ट्रेहॅलोज (एक प्रकारची साखर) घालायला विसरू नका, नाहीतर पुन्हा पाण्यात कालवताना कण सुटे होत नाहीत.

बैठक झाली तेव्हा मात्र प्रश्न चांगले आले. उंदीर एवढेच का? याला संख्याशास्त्राचा हिशेब लागतो, ‘मागच्या पेपरात एवढेच होते’ चालत नाही. रिकाम्या कणांचा वेगळा गट कशाला? कारण पीएलजीएचे कण स्वतःही रोगप्रतिकारक यंत्रणा चाळवतात. तो परिणाम वेगळा काढला नाही तर श्रेय कोणाला द्यायचं? समितीतल्या एका शेतकरी सदस्यांनी विचारलं, “हे लाळ्या-खुरकुताच्या लशीत येईल का?” मी सांगितलं, वाट लांब आहे, पण बाळांना देतात त्या हिपॅटायटिस बी लशीतलं प्रथिनही सुमारे २२ नॅनोमीटरच्या कणांच्याच रूपात असतं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मला फार बरं वाटलं.

मंजुरी मिळाली. उंदीर नोंदणीकृत पैदास केंद्रातूनच घ्यावे लागतात, आणि आल्या आल्या टोचायचं नाही, आठवडाभर त्यांना रुळू द्यायचं. मी ते पावसाळा लागल्यावरच मागवले. आमच्या उन्हात तो प्रवास त्यांना सोसला नसता. मंजुरीचा क्रमांक पहिल्याच दिवशी प्रयोगवहीत उतरवून ठेवा, शोधनिबंध पाठवताना तो मागतात.